मार्थाची रोपं मान टाकतात

रोप उंच झालं म्हणून रडणारी बाई या किनाऱ्यावर मी एकटीच असेन. लोकांची रोपं वाढत नाहीत म्हणून लोक रडतात. माझी वाढत होती, चार दिवसांत वीतभर. दोऱ्यासारखा पांढुरका दांडा, टोकाला दोन गोल पानं. पाचव्या दिवशी सकाळी बघावं तर सगळी आडवी, लग्नात फुकटची ढोसून पडलेल्या पाहुण्यांसारखी.

चाळीस वर्षं मी गांजा लावला, डोंगरावर, उघड्या आभाळाखाली. त्यातलं एकही रोप असं काडीपैलवान झालं नाही. ऊन फुकट होतं, वारा फुकट होता आणि शिकवायला कोणी येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी वणवा आला. त्यात घर गेलं, कोठार गेलं, कोठारात बरण्यांतून ठेवलेलं सगळं बी गेलं. शिवणाच्या एका पत्र्याच्या डबीत अठरा बिया होत्या. पळताना ती डबी माझ्या कोटाच्या खिशात होती, म्हणून त्या तेवढ्या वाचल्या.

या अठरा बिया मार्थाच्या. मार्था ही आमची खेचरी. माझा नवरा डेल्बर्ट तिच्या पाठीवरून वर पाणी न्यायचा आणि त्या पाण्यावर त्यानं अकरा वर्षं निवडून निवडून हे वाण काढलं. म्हणून वाणाला खेचरीचं नाव. ऑक्टोबरात पानं जांभळी-काळी व्हायची. हात लावला की आधी संत्र्याच्या सालीचा वास आणि मागून ओल्या लाकडाचा. दुसऱ्या कोणाकडे हे वाण नाही, कारण डेल्बर्टनं कोणाला दिलंच नाही. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. बी जुनं झालेलं, आणखी एक हिवाळा काढेल असं वाटत नव्हतं. लावायचं तर यंदाच. अठरा बिया संपल्या की मार्था संपली.

आणि लावायचं कुठे, तर माझ्या मुलीच्या, फर्नच्या घरात. समुद्राकाठचं गाव. दुपारी बारापर्यंत धुकं आणि बारानंतर ढग. फर्न शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, दोनशे पोरांना दुपारी जेवू घालते, त्यामुळे घरी आली की मलाही पोरच समजते.

"सहाच लावायची, मॉम. कायद्यानं एका घरात सहा."

"कायदा मला नको शिकवू. कायद्यात शून्य होती तेव्हा मी दोनशे लावत होते."

"म्हणूनच सांगतेय."

पहिल्या सहा बिया मी स्वयंपाकघराच्या खिडकीत टाकल्या. डोंगरावर मार्चमध्ये खिडकीतच टाकायचे. सहाच्या सहा उगवल्या, मी फर्नला हाताला धरून दाखवायला नेलं. आठवड्यात सहाच्या सहा मेल्या.

"उजेड कमी पडला," फर्न म्हणाली. "आणि खिडकीखाली हीटर आहे. ऊब भरपूर, उजेड नाही. मग रोप उजेड शोधत वर पळतं आणि आपल्याच वजनानं मोडतं."

"हे तू मला सांगतेस?"

"कोणीतरी सांगायला हवं ना."

तिचं बरोबर होतं. त्याचाच जास्त राग आला.

मग मी दुकानात गेले. विमानतळाच्या रस्त्यावर एक दुकान आहे. दिवे, कुंड्या, खत, सगळं गांजावाल्यांसाठी, आणि राजरोस रस्त्याकडे काच लावून. काउंटरवर टोबायस नावाचा तिशीतला माणूस. दाढीला वेणी आणि वेणीत लाकडी मणी.

"या मॅडम. पहिल्यांदाच लावताय का?"

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, "तुझ्या आईला तुझ्या वेळच्या उलट्या सुरू व्हायच्या आधीपासून लावतेय."

हसला तो. हसणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही. त्यानं एक पांढऱ्या उजेडाचा पट्टीचा दिवा काढला, एक छोटा पंखा काढला, आणि प्लगला लावायचं एक गोल घड्याळ काढलं. "दिवा रोपांच्या डोक्यापासून दीड फुटावर. मोठी होतील तसा वर घ्यायचा. अठरा तास चालू, सहा तास बंद, ते हे घड्याळ आपोआप बघतं. पंखा असा ठेवा की पानं नुसती थरथरली पाहिजेत. वाऱ्यानं दांडा जाड होतो."

"वाऱ्यानं दांडा जाड होतो, हे मला पंखे विकणारा सांगणार."

"सांगितलं नाही तर लोक पंखा घेत नाहीत, मॅडम."

फर्ननं गॅरेजात टेबल मांडलं. मी दिवा टांगला तीन फुटांवर. आमच्या वेळचे मोठे दिवे जवळ टांगले तर पानं भाजून निघायची. फर्ननं शिवणाची टेप आणून मोजलं आणि तोंडातून एक शब्द न काढता दिवा खाली घेतला. न बोलता घेतला, हे त्याहून वाईट. बोलली असती तर मी चार ऐकवले असते.

दुसऱ्या सहांतून पाच उगवल्या. दिवा दीड फुटावर, पंखा मंद, हीटर बंद. मी रोज सकाळी तळवा पानांवरून हलकेच फिरवायचे, मांजर कुरवाळावं तसा. त्यानंही दांडा घट्ट होतो, हे मला कुठल्या दुकानदारानं सांगितलेलं नाही. आता कशी उंच होतील? आता कुठे पळतील?

पळाली. आठव्या दिवशी पुन्हा दोरे. दहाव्या दिवशी पाचही आडवी.

मी कुंडी उचलून भिंतीवर मारली. गॅरेजभर माती. संध्याकाळी फर्ननं झाडू मारता मारता प्लगचं घड्याळ बघितलं.

"मॉम, हे सहा तास मागे आहे."

"मग?"

"रविवारी मीच लावलं होतं. वीज गेली होती का?"

"नाही गेली."

"मग दिवा चालू-बंद व्हायची सगळी वेळ सरकली ना. घड्याळ बिघडलंय."

सापडला चोर! माझं काही चुकलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या हाताला एका दीडदमडीच्या घड्याळानं मातीत घातलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी दारात हजर.

"हे घे तुझं घड्याळ. पाच रोपं खाल्ली यानं."

टोबायसनं घड्याळ उलटंसुलटं केलं, भिंतीत खुपसलं, कानाला लावलं. "चालतंय की. हे साधं असतं मॅडम, बिघडायला आत काही नाहीच. प्लग काढला की थांबतं आणि लावला की जिथे थांबलं तिथून पुढे. तुमच्याकडे कोणी प्लग काढतं का?"

"दिवसभर घरात मी एकटी असते."

"तेच विचारतोय."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही म्हटलं मी."

"नाचता येईना तर अंगण वाकडं, हेच म्हणायचंय ना तुला? तोंडावर म्हण. दाढीत मणी बांधून फिरायला लाज वाटत नाही, मग बोलायला कसली लाज?"

त्यानं नवं घड्याळ दिलं. पैसे घेतले नाहीत. मला वाटलं, हरला.

शेवटच्या सहा बिया मी एका बारीक पॉलिश पेपरवर हलक्या घासल्या, म्हणजे म्हाताऱ्या बियांचं कवच जरा पातळ होतं. रात्रभर पाण्यात ठेवल्या. त्यातल्या दोन तरंगतच राहिल्या. चार उगवल्या.

चार! मी त्यांच्यासमोर बादली पालथी घालून बसायचे. तिसऱ्या दिवशी नवं घड्याळ दोन तास मागे. चौथ्या दिवशी आणखी चार, म्हणजे सहा तास मागे. मी त्याला खेचरीलाही दिल्या नसतील अशा शिव्या दिल्या, पुन्हा वेळेवर लावलं. पाचव्या दिवशी मला चारही दांडे लांबताना दिसले. डोळ्यांदेखत. दिवा जागेवर, पंखा जागेवर, थंडी हवी तेवढी, पाणी हवं तेवढं. सगळं बरोबर असून चुकत होतं. असं कधी तुमच्या हातून झालं असेल तर तुम्हाला कळेल. चूक दाखवणारा परवडतो. चूक दिसतच नाही तेव्हा माणूस भिंतीवर डोकं आपटतो.

त्या दिवशी शाळेचा बॉयलर बंद पडला म्हणून फर्न अकरालाच घरी आली. तिनं गॅरेजचं दार उघडलं. आत अंधार. टेबलावर जाड घोंगडी टाकलेली आणि मी बादलीवर बसलेली, हातात प्लग.

"मॉम?"

"शू."

"अंधारात काय करतेस?"

"हळू बोल. आधी जाऊ दे ते."

"काय जाऊ दे?"

मी वर बोट दाखवलं. छपरावरून हेलिकॉप्टर चाललं होतं, फटफट फटफट करत समुद्राकडे.

फर्न ऐकत राहिली. मग माझ्याकडे बघायला लागली. मग दाराच्या चौकटीला टेकली. "ते बचाववाल्यांचं हेलिकॉप्टर आहे. बुडणाऱ्या कोळ्यांना उचलणारं. इथून दोन मैलांवर त्यांचा तळ आहे. रोज सराव करतात."

"माहीत आहे मला."

"मग?"

मग काय? मी प्लग आणखी घट्ट धरला.

हे मी आधी सांगितलं नाही ते लपवायचं म्हणून नाही. ते माझ्या ध्यानातच नव्हतं. शिंक आली की हात तोंडावर जातो, ते कोणी मोजून ठेवतं का? डोंगरावर हेलिकॉप्टर म्हणजे पोलीस. दोरावरून उतरायचे, कोयते घेऊन. आवाज आला की दिवा विझवायचा, दिसेल ते झाकायचं, बसायचं, बोलायचं नाही. आवाज गेला तरी तासभर उठायचं नाही. गेल्यासारखं दाखवून ते कड्याआडून परत यायचे. एकदा डेल्बर्ट पंधरा मिनिटांत उठला आणि सात महिने आत बसला. तेव्हापासून पुरता एक तास. त्यात कधी सूट नाही.

फर्ननं प्लग माझ्या हातातून घेतला, लावला, घड्याळाकडे बघितलं. "आज सकाळपासून दोन तास मागे आहे. काल चार, तूच सांगितलंस. परवा..." ती थांबली. "रात्रीचे सहा तास धरून दहा तास अंधार. वर घोंगडीची ऊब, आणि पंखाही बंद. मॉम, ही रोपं अर्धा दिवस तुझ्याबरोबर लपून बसतात."

"दहा म्हणजे अर्धा नाही होत."

"त्या दुकानदाराला शिव्या घालून आलीस ना?"

"थोड्या."

"घड्याळावरून?"

मी घोंगडीची घडी घालायला लागले. ती काही नीट होईना. फर्ननं दुसरं टोक धरलं नाही.

"मला शाळेत विचारायचे, तुझे वडील काय करतात," ती म्हणाली. "मी सांगायचे, सुतार आहेत. तूच शिकवलं होतंस. डॅडनं आयुष्यात एक खुर्ची केली, तीही लंगडी. एकदा बाईंनी चित्र काढायला सांगितलं, आपलं घर. मी घर काढलं आणि आजूबाजूला काहीच काढलं नाही. एक झाड नाही. बाई म्हणाल्या, किती ओसाड जागा."

"पोलिसांनी तुला नेलं असतं आमच्यापासून, म्हणून..."

"माहीत आहे. मी तक्रार नाही करत. मी फक्त सांगतेय की आता काढता येतं. चित्र."

टेबलावर चार रोपं होती. दोन मातीला टेकली होती, त्यांचा दांडा मुळाशी पाण्यासारखा झाला होता, ती गेलीच. दोन उभी होती. बारीक, वाकडी, पण हिरवी. मी दोन उंच पेले घेतले, तळाला भोकं पाडली, ओली माती घातली. रोप चमच्यानं मुळासकट उचललं आणि इतकं खोल बसवलं की पहिली दोन गोल पानं मातीच्या जेमतेम वर राहिली. सगळा लांबलेला दांडा मातीत. बोटानं दाबायचं नाही, नुसती माती सोडायची आणि बाजूनं पाणी द्यायचं. पुरलेल्या दांड्याला आजूबाजूनं मुळं फुटतात. लांबलेलं रोप वाचवायचा हाच एक उपाय, आणि तोही एकदाच करता येतो. दुसऱ्यांदा लांबलं तर संपलं.

फर्न बघत होती. "हे मला येत नाही," ती म्हणाली. बास, तेवढंच म्हणाली.

मी ठरवलं, आता हात लावायचा नाही. कळलं ना एकदा? मग झालं तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी स्वयंपाकघरात कॉफी ओतत होते. फटफट सुरू झालं. मी खुर्चीचे हात धरले. धरले हे मला पक्कं आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते एकदम गॅरेजातलं, प्लग हातात. कॉफी ओट्यावरून खाली गळत होती. संध्याकाळी फर्ननं प्लगवर चिकटपट्टीचे सात वेढे दिले. तिसऱ्या दिवशी मी ते दातांनी तोडले. सत्तरीतली बाई, दातांनी! दिवा लगेच परत लावला, पण पेल्यातली दोन्ही रोपं माझ्याकडे मान वर करून बघत होती, जरा जास्तच वर करून.

शनिवारी फर्न घरी होती. आम्ही दोघी टेबलाशी. ती टर्कीचं सँडविच करत होती, मी कांदा चिरत होते. आवाज आला. मी सुरी ठेवली, दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. बसले म्हणजे बसले! उठले नाही. जिंकले होते. फर्नला दाखवावं म्हणून मान वर केली.

फर्नच्या हातातला पाव तसाच होता. ओठ मिटलेले. श्वास धरलेला. आणि दुसऱ्या हातानं तिनं खिडकीचा पडदा ओढून घेतला होता.

शेहेचाळीस वर्षांची पोरगी माझी. मी बघतेय हे तिला दिसलं.

"ऊन येत होतं," ती म्हणाली.

"बाहेर धुकं आहे."

तिनं पडदा सरकवला. आम्ही दोघीही हसलो नाही.

दुपारी मी दोन्ही पेले बुटांच्या खोक्यात ठेवले आणि दुकानात गेले. टोबायसनं खोकं बघून दोन्ही हात वर केले. "घड्याळ परत?"

"घड्याळ चांगलं आहे." हे म्हणायला मला दाराच्या बाहेर पाच मिनिटं उभं राहावं लागलं होतं. "प्लग मीच काढत होते. मला असा प्लग दे की जो मला काढता येणार नाही. कुलपाचा."

"मिळतो. पण किल्ली कोणाकडे राहणार?"

"मुलीकडे."

"मग चालेल."

"नाही चालणार," मी म्हटलं. "तीही पडदे ओढते."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. खोक्यातून एक पेला काढला, डोळ्यांजवळ नेला. "खोल कोणी लावलं हे?"

"मी."

"मस्त लावलंय. मला इतकं साफ जमत नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात वरून फटफट सुरू झालं. तळ जवळ असल्यानं इथे आवाज मोठा, कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या. माझा हात खोक्याच्या झाकणावर गेला आणि झाकण लागलंही. टोबायसनं मान वर केली नाही. पेला उजेडात धरून तो पानाची मागची बाजू बघत होता, तोंडानं काहीतरी गुणगुणत.

"ऐकू येत नाही का तुला?"

"काय?"

"वर!"

त्यानं कान दिला. "अच्छा, ते. ते तर रोजचंच." आणि पुन्हा पेल्यात डोकं घातलं.

मी त्याच्या हातांकडे बघत राहिले. पाच मिनिटं असतील. आवाज गेला आणि तो माणूस एकदाही हलला नाही. हलायचं असतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. मला त्याचा इतका राग आला की वाटलं दाढीचा मणी धरून ओढावा. आम्ही पोटावर सरपटलो ते यांनी काचेच्या दुकानात गाणी म्हणत बसावं म्हणून?

मी झाकण काढलं आणि खोकं त्याच्याकडे सरकवलं.

"ठेव ही."

"किती दिवस?"

"बी धरेपर्यंत. एक नर आणि एक मादी निघाली तर तुझं नशीब. दोन्ही माद्या निघाल्या तर फांद्या कापून रोपं कर, पण वाण मरू देऊ नकोस. ऊब कमी ठेव. दिवसातून एकदा तळवा फिरव वरून, असा, हलका. मी बुधवारी येईन, शुक्रवारी येईन आणि मधेही येईन."

"रोज या, मॅडम."

"तू बोलवायची गरज नाही."

त्यानं दोन पांढऱ्या पट्ट्या काढल्या, पेल्यात खोचायच्या, आणि पेनाचं टोपण दातांनी उघडलं. "नाव?"

"मार्था."

"वाण कोणाचं?"

आमच्याकडे पट्टी नसायची. झाडावर कोणाचं नाव नसतं, म्हणजे पकडलं तरी ते कोणाचं नसतं. मागे रबरी बूट घातलेली एक बाई खताची पोती उलथीपालथी करत होती आणि एक म्हातारा पंखा निवडत होता.

"डेल्बर्ट टॅकेट," मी म्हटलं.

"जरा मोठ्यानं, मॅडम?"

"डेल्बर्ट टॅकेट!"

बाईनं वळून बघितलं, म्हाताऱ्यानंही बघितलं. बघू देत.

"लिहिलंस का? दाखव."